क्रॉफर्डचा बचाव नेमका काय होता, आणि तो कितपत टिकला?

प्रश्न: मंडईचा वाटाड्या

नमस्कार. मी गेली काही वर्षे रविवारी सकाळी दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती दाखवण्यासाठी दहा-पंधरा जणांना घेऊन पायी फिरतो. क्रॉफर्ड मार्केटपाशी, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईपाशी आलो की माझे बोलणे ठरलेले असते. इमारत १८६९ साली पुरी झाली, आराखडा विल्यम इमर्सनचा, दर्शनी बाजूची दगडातली शिल्पे लॉकवुड किपलिंगची, आणि नाव १८६५ च्या कायद्यानंतर मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झालेल्या आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांचे. एवढे सांगून मी पुढे निघतो.

गेल्या रविवारी गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला मध्येच थांबवले आणि विचारले, ‘‘हा क्रॉफर्ड पुढे पुण्यात लाच खाण्याच्या प्रकरणात अडकला, हे तुम्ही का सांगत नाही?’’ त्यावर एक बाई शांतपणे म्हणाल्या की चौकशी आयोगाने त्याला लाचेच्या आरोपांतून मोकळे केले होते, तेव्हा तसे सांगणे अन्यायाचे होईल. दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम होते, आणि मला दोघांपैकी कोणालाच धड उत्तर देता आले नाही.

घरी येऊन जे हाताशी लागले ते वाचले, पण घोळ वाढलाच. लोकमान्य टिळकांच्या बहुतेक चरित्रांत ‘क्रॉफर्ड प्रकरण’ येते, पण तिथे सगळा प्रकाश मामलेदारांवर असतो. माझ्या समजुतीप्रमाणे मामलेदारांनी लाच दिल्याचे स्वतःच्या तोंडाने कबूल केले, पैसे नेणाऱ्या मध्यस्थाला शिक्षा झाली, साहेब मात्र लाचेच्या आरोपातून सुटला, सुटूनही त्याची नोकरी गेली, आणि शेवटी सर्वांत जास्त आरडाओरडा झाला तो मामलेदारांविरुद्ध. देणारा कबूल, नेणारा दोषी आणि घेणारा निर्दोष, हे गणित कसे जुळते? क्रॉफर्डने आपला बचाव तरी काय केला होता? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. टिळकांनी काय केले हे मला ठाऊक आहे; मला साहेबाची बाजू समजून घ्यायची आहे, भले ती खोटी का असेना.

उत्तर: जुने दफ्तर

प्रश्न चांगला आहे, कारण आपल्याकडे या प्रकरणातला क्रॉफर्ड हा नुसता खलनायक म्हणून उभा असतो आणि तो काय म्हणत होता हे कोणी विचारत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८८८ साली क्रॉफर्डवर आरोप झाले ते त्याच्या आयुष्यातले पहिले आरोप नव्हेत. १८६५ ते १८७१ या काळात त्याने मुंबईत रस्ते, गटारे, सफाई आणि बाजार यांचे जे काम केले ते खरोखर दांडगे होते, पण ते करताना म्युनिसिपालिटीची तिजोरी त्याने अशी उधळली की करदाते संतापून उठले. १८७१ साली कमिशनरचे अनियंत्रित अधिकार काढून घ्यावेत अशी चळवळ झाली, त्याला पद सोडावे लागले, आणि त्या वादातून १८७२ चा म्युनिसिपल कायदा जन्माला आला. त्या वेळी क्रॉफर्डच्या कामाची बाजू जाहीरपणे घेणाऱ्यांमध्ये तरुण फिरोजशहा मेहता होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. दोष माणसाचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे, करदात्यांना निवडणुकीचा हक्क द्या म्हणजे असे होणार नाही, असा मेहतांचा रोख होता. थोडक्यात, पहिल्या वेळी क्रॉफर्डचा बचाव त्याच्या कामानेच केला. आरोप उधळपट्टीचा होता, खिसा भरल्याचा नव्हता, आणि समोर उभ्या असलेल्या इमारतींकडे बोट दाखवता येत होते.

दुसऱ्या वेळी बोट दाखवायला काहीच नव्हते. १८८० च्या दशकात क्रॉफर्ड मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचा रेव्हेन्यू कमिशनर म्हणून पुण्यात होता. मराठी उत्तम येणारा, कोकणात आणि देशावर आयुष्य काढलेला, लोकांत मिसळणारा, हाताचा सढळ आणि कायम कर्जात बुडालेला असा हा अधिकारी. विभागातील मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या कमिशनरच्या हाती असत. पुण्यात उघडपणे बोलले जाऊ लागले की साहेबाचा विश्वासू हणमंतराव राघवेंद्र याच्याकडे रक्कम पोचवली तर हवा तो तालुका मिळतो आणि न पोचवली तर आहे तोही जातो. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी चौकशी हाती घेतली, पोलिस महानिरीक्षक ओमॅनी यांनी मामलेदारांना गाठले, आणि खरे सांगितले तर तुमच्यावर कारवाई होणार नाही असे सरकारच्या नावाने वचन देऊन त्यांच्याकडून जबान्या घेतल्या. १८८८ च्या उन्हाळ्यानंतर क्रॉफर्ड निलंबित झाला, हणमंतरावावर खटला होऊन त्याला कैदेची शिक्षा झाली, आणि क्रॉफर्डसाठी सरकारी नोकरांच्या चौकशीच्या १८५० च्या कायद्याखाली तिघांचा आयोग पुण्यात बसला. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन हे अध्यक्ष होते, तर क्विंटन आणि क्रॉस्थवेट हे इतर प्रांतांतले सनदी अधिकारी सदस्य होते. मुंबई सरकारच फिर्यादी असल्यामुळे सदस्य बाहेरचे घेतले, हे योग्यच झाले.

आता बचाव. तो तीन धाग्यांनी विणलेला होता, असे मी म्हणेन.

पहिला धागा कर्जाचा. हणमंतराव आपला माणूस होता हे क्रॉफर्डला नाकारता येण्यासारखे नव्हते, कारण अख्ख्या पुण्याने त्याला बंगल्यावर जाताना-येताना पाहिले होते. म्हणून बचावाने ते नाते मान्य केले आणि त्याचा अर्थ बदलला. हा माणूस लाच गोळा करण्यासाठी नव्हता, साहेबाची देणीघेणी सांभाळण्यासाठी, सावकारांकडून उसने पैसे उभे करण्यासाठी होता. बंगल्यावर पैसे आले असतील तर ते कर्जाचे होते.

दुसरा धागा नोकराने धन्याच्या नावावर धंदा केल्याचा. कमिशनरच्या ओसरीवर ऊठबस असलेल्या माणसाने त्या जवळिकीचे भांडवल करून मामलेदारांना लुबाडले असेल, पण ते मला कसे कळावे? या युक्तिवादाला बळ देणारी गोष्ट अशी की आपल्याकडे असे होतच असे. जी बदली कागदोपत्री आधीच ठरलेली आहे ती मीच करून आणली असे सांगून पैसे उपटणारा दलाल कोणत्या कचेरीत नव्हता?

तिसरा धागा सर्वांत धारदार होता, आणि तो आरोपाबद्दल नव्हताच, आरोप करणाऱ्यांबद्दल होता. हे साक्षीदार कोण? आपण लाच दिली असे सांगणारे, म्हणजे स्वतःच गुन्हेगार. हे बोलतात कशाच्या बळावर? नोकरी टिकेल या सरकारी वचनाच्या बळावर. असे वचन हातात असलेला माणूस सरकारला हवे तेच बोलणार, आणि सरकारला काय हवे आहे हे ओमॅनी यांच्या दौऱ्यांनी सगळ्यांना कळून चुकले होते.

निकाल असा झाला की लाचेचे आरोप आयोगाने सिद्ध मानले नाहीत, पण आपल्याच अधिकारक्षेत्रातल्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका मात्र कायम केला. मुंबई सरकारला लाचेबद्दलचा निष्कर्ष पटला नाही. लंडनहून भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी लाचेच्या बाबतीत आयोगाचा निर्णय उचलून धरला, आणि कर्जांच्या ठपक्यावरून क्रॉफर्डला नोकरीतून काढून टाकले. म्हणजे ज्या पहिल्या धाग्याने त्याने लाचेचा फास सोडवला, त्याच धाग्याने त्याची नोकरी गेली. ‘हे पैसे लाचेचे नव्हते, उसने होते’ असे म्हणताना त्याने सनदी नोकराला सक्त मनाई असलेली गोष्ट पदरात घेतली होती.

आपल्या गटातले गृहस्थ आणि त्या बाई, दोघेही अर्धे बरोबर होते, असे म्हणून मी थांबतो.

उत्तर: साक्षीपुरावा

वर ‘जुने दफ्तर’ यांनी मांडणी छान केली आहे. मी आयुष्यभर जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली, त्यामुळे ‘देणारा कबूल, नेणारा दोषी आणि घेणारा निर्दोष’ या गणिताबद्दल थोडे लिहितो. ते दिसते तितके विचित्र नाही.

हणमंतरावाला दोषी धरण्यासाठी त्याने साहेबाचे नाव सांगून पैसे घेतले एवढे पुरे होते. ते पैसे पुढे साहेबाकडे गेले की त्याच्याच पेटीत राहिले, हा त्याच्या गुन्ह्याच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता. दंडसंहितेत त्या काळी सरकारी नोकराने लाच घेणे हा जसा गुन्हा होता, तसाच त्याच्यावरील वशिला वापरण्यासाठी तिऱ्हाइताने पैसे घेणे हाही वेगळा गुन्हा होता. क्रॉफर्डच्या बाबतीत मात्र तोच दुय्यम प्रश्न मुख्य झाला. हणमंतरावाच्या हातापासून साहेबाच्या हातापर्यंतचे अंतर पुराव्याने भरून काढायचे होते, आणि नेमके तेवढेच अंतर कोणत्याही मामलेदाराने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. मामलेदार सांगू शकत होता की मी पैसे दिले आणि पुढे माझी बढती झाली. पण बढतीच्या हुकुमाला दप्तरी कारण दाखवता येते. सेवाज्येष्ठता आणि वरिष्ठांचे शेरे ही कारणे कायम हाताशी असतात. लाच घेऊन दिलेला योग्य माणसाचा हुकूम आणि लाच न घेता दिलेला योग्य माणसाचा हुकूम, यांचे कागद हुबेहूब सारखे दिसतात.

दुसरे, १८७२ च्या पुरावा कायद्याचा पेच. त्या कायद्याचे १३३ वे कलम म्हणत असे की गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष चालते आणि तिला पुष्टी नसली तरी केवळ तेवढ्यावरून शिक्षा बेकायदेशीर ठरत नाही. ११४ व्या कलमाचे एक उदाहरण मात्र न्यायालयाला सांगत असे की महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासाला पात्र नाही असे गृहीत धरण्यास हरकत नाही. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असा हा मामला. व्यवहारात न्यायाधीश दुसऱ्या हाताचेच ऐकतात. मग दहा साथीदार एकाच सुरात बोलले तर एकमेकांना पुष्टी मिळते का? याचे ठरलेले उत्तर असे की साथीदार साथीदाराला पुष्टी देऊ शकत नाही. बाहेरचा, स्वतंत्र पुरावा हवा. क्रॉफर्डच्या वकिलांना दुसरे काही सिद्ध करावे लागलेच नाही. हे सगळे साथीदार आहेत, एवढेच आयोगाला पुन्हा पुन्हा दाखवत राहायचे होते, आणि ते दाखवायला कष्ट नव्हते, कारण साक्षीदार ते स्वतःच सांगत होते.

माझ्या मते खरी चूक ओमॅनी यांच्या पद्धतीत होती. एकाला किंवा दोघांना माफीचा साक्षीदार करणे वेगळे, आणि विभागभर माफीची वचने वाटत फिरणे वेगळे. जितके साक्षीदार वाढले तितका खटला बळकट होण्याऐवजी पातळ होत गेला. त्यापेक्षा एखाद्या सावकाराची खतावणी, एखादा रोखा, किंवा क्रॉफर्डच्या हस्ताक्षरातल्या चार ओळी जास्त उपयोगी पडल्या असत्या. कर्जांच्या आरोपात नेमके असे कागद होते, म्हणून तो आरोप टिकला. लाचेची पावती कोणी ठेवत नाही.

म्हणून मी त्या बाईंच्या बाजूने एक पाऊल अधिक टाकेन. क्रॉफर्डने पैसे खाल्ले असावेत असे मलाही वाटते, पण आयोगापुढच्या पुराव्यावर मी बसलो असतो तर कदाचित मीही तोच निकाल दिला असता.

मंडईचा वाटाड्या

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. निलंबनानंतर क्रॉफर्डने वेष पालटून पुण्यातून पलायन केले आणि मुंबईत तो पकडला गेला, असे मी वाचले आहे. निर्दोष माणूस पळून कशाला जाईल? आयोगाने याचा विचारच केला नाही का?

साक्षीपुरावा

पलायन ही विचारात घेण्याजोगी बाब असतेच. त्याच पुरावा कायद्याच्या आठव्या कलमाखालच्या उदाहरणांत आरोपी फरारी झाल्याची गोष्ट स्पष्टपणे दिलेली होती. पण फरारी होणे हा भीतीचा पुरावा असतो, आणि भीती कशाची हे त्यातून कळत नाही. आता क्रॉफर्डकडे पाहा. लाच घेतली नसती तरीसुद्धा त्याच्या मागे सावकारांचा ससेमिरा होता, निषिद्ध कर्जे उघडकीस येणार होती, अब्रू आणि निवृत्तिवेतन दोन्ही जाणार होते. पळून जायला एवढी कारणे पुरेशी होती. पाहा, कर्जाचा तो एकच युक्तिवाद इथेही कसा कामाला येतो! एरवी माणसाला खाली ओढणारे कर्ज या प्रकरणात ढाल म्हणून सगळीकडे पुढे केलेले दिसते. हे मी क्रॉफर्डच्या कौतुकाने लिहीत नाही, पण वकील म्हणून दाद द्यावीशी वाटते खरी.

उत्तर: तालुका कचेरी

माफ करा, पण वरची चर्चा वाचताना असे वाटते की मामलेदार म्हणजे केवळ पुराव्याची एक अडचण होती. माझे सगळे आयुष्य महसूल खात्यात गेले, म्हणून त्यांच्या बाजूने चार शब्द लिहितो. वाटाड्यांनी टिळकांची बाजू ठाऊक असल्याचे म्हटले असले तरी साहेबाचा बचाव इथे येऊनच पुरा होतो.

मामलेदार म्हणजे तालुक्याचा वसूल, शिवाय मॅजिस्ट्रेटचे अधिकार, शिवाय १८७६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याने जमिनीच्या ताब्याचे दावे. एवढा अधिकार असलेला माणूस वरिष्ठाच्या एका हुकुमाने बिऱ्हाड गुंडाळून दूरच्या, हिवतापाच्या तालुक्यात जात असे. मुलांची शाळा पुण्यात, म्हातारी आई सोबत, आणि डोक्यावर बदलीची टांगती तलवार. अशा माणसाकडे ‘साहेबांना थोडी रक्कम हवी आहे’ असा निरोप येतो तेव्हा ती मागणी लाचेची आहे की खंडणीची, हा शब्दांचा खेळ राहत नाही.

आयोगाने साक्षीदारांवर विश्वास न ठेवल्यानंतर एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. लाच घेतल्याचे सिद्ध झाले नाही, पण लाच दिल्याची कबुली मात्र दप्तरात कायम राहिली. इंग्लंडात आणि इकडच्या अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाली की लाच दिल्याचे कबूल करणारे लोक न्यायासनावर बसूच कसे शकतात. पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाले. शिवाय कायद्याचा मोठा अडथळा पुढे आला: पदांच्या खरेदी-विक्रीविरुद्धच्या जुन्या इंग्लिश कायद्यापुढे मुंबई सरकारने दिलेले माफीचे वचन टिकेल की नाही, याचीच खात्री नव्हती. ज्या सरकारने वचन दिले त्याला ते देण्याचा अधिकार होता का, इथपासून सुरुवात!

पुण्यात १ सप्टेंबर १८८९ रोजी मामलेदारांसाठी जी सभा झाली तीत टिळकांनी घेतलेली भूमिका मला आजही विचारपूर्वक वाटते. मामलेदार धुतल्या तांदळासारखे आहेत यावर त्यांनी भर दिला नाही. त्यांचा भर वचनावर होता. सरकारने शब्द देऊन सत्य वदवून घेतले, आणि काम झाल्यावर त्याच सत्यासाठी शिक्षा करणार असेल तर सरकारी शब्दाला किंमत काय उरली? विलायतेत पत्रकार विल्यम डिग्बी आणि पार्लमेंटचे सभासद चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यापर्यंत हा विषय पोचवण्यात आला. टिळक तेव्हा अजून फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते, हे लक्षात घ्यावे. अखेर १८८९ मध्येच साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा हिंदुस्थान सरकारला करावा लागला. तरीही ज्यांनी दबावाखाली नव्हे तर आपखुशीने, बढतीच्या आशेने पैसे दिले असे मानले गेले, त्यांना पदांवरून दूर करण्यात आले.

क्रॉफर्डच्या बचावाचा तिसरा धागा किती लांबवर पोचला ते पाहा. आयोगाचे काम संपल्यावरही तो संपला नाही. साक्षीदारच आरोपी झाले, आणि पुढचे कित्येक महिने चर्चा साहेबाने घेतले की नाही याची न होता यांनी दिले कसे याची होत राहिली.

उत्तर: सिल्हटची नाव

या चर्चेत सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचे नाव अजून आले नाही याचे आश्चर्य वाटते. सनदी परीक्षा उत्तीर्ण झालेले सुरेंद्रनाथ १८७१ साली सिल्हट (आता बांगलादेशात) येथे असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. युधिष्ठिर नावाच्या आरोपीच्या प्रकरणात, तो फरारी नसताना त्याचे नाव फरारींच्या यादीत घातले गेले आणि त्या कागदावर सुरेंद्रनाथांची सही होती. कामाच्या गर्दीत कारकुनाने पुढे ठेवलेल्या कागदांवर न पाहता सही झाली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यावरही आयोग बसला. चौकशी कलकत्त्यात व्हावी ही त्यांची विनंती मान्य झाली नाही. १८७४ साली ते बडतर्फ झाले, दरमहा ५० रुपयांचा दयाभत्ता तेवढा मिळाला, लंडनला जाऊन दाद मागितली ती व्यर्थ गेली, आणि बॅरिस्टर होण्याची वाटही त्याच कारणाने बंद झाली.

आता दोन्ही बचाव शेजारी ठेवून पाहावेत. ‘हाताखालच्या माणसाने केले, मला ठाऊक नव्हते’ हे दोघांचेही म्हणणे. क्रॉफर्डच्या बाबतीत लाचेपुरते ते चालून गेले, सुरेंद्रनाथांच्या बाबतीत एका चुकीच्या नोंदीपुरतेही चालले नाही. कातडीच्या रंगाने पुराव्याचे वजन बदलत होते, हे स्पष्ट म्हणायला हवे.

साक्षीपुरावा

आपला संताप समजतो, परंतु तुलना पुरती जमत नाही. सुरेंद्रनाथांच्या प्रकरणात त्यांची स्वतःची सही कागदावर होती आणि वाद केवळ हेतूचा होता. क्रॉफर्डच्या लाचेच्या आरोपात सही असलेला कागदच नव्हता. पुराव्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. भेद दिसतो तो शिक्षेत. एका अननुभवी अधिकाऱ्याला ज्या चुकीसाठी ताकीद देऊन भागले असते तिच्यासाठी त्याचे सगळे करिअर संपवले गेले, आणि दुसऱ्याची निषिद्ध कर्जे वर्षानुवर्षे पुण्यात सर्वांना ठाऊक असूनही प्रकरण हाताबाहेर जाईपर्यंत कोणी बोलले नाही. तेवढ्यापुरते मी आपल्याशी सहमत आहे.

सिल्हटची नाव

सही असलेला कागद आणि नसलेला कागद हा फरक मान्य. मात्र कागद मागे राहू न देण्याची सोय कोणाच्या हाती होती, हेही पाहावे. असिस्टंट मॅजिस्ट्रेटकडे हणमंतराव नसतो.

उत्तर: जुने दफ्तर

पुन्हा लिहितो, कारण मूळ प्रश्न साहेबाच्या बाजूचा होता आणि तिचे एक टोक राहून गेले. क्रॉफर्ड नोकरीतून गेल्यावर गप्प बसला नाही. त्याने आठवणी लिहिल्या, कोकणातल्या दंतकथा लिहिल्या, आणि १८९७ साली, म्हणजे रँडच्या खुनाने पुणे विलायतभर गाजत असताना, दख्खनच्या असंतोषावर एक पुस्तक लिहिले. त्यात पुण्याच्या ब्राह्मणांवर, विशेषतः चित्पावनांवर, त्याने सडकून टीका केली आहे. पुस्तक राजकीय परिस्थितीवरचे असले तरी मला ते त्याच्या बचावाचा चौथा, उशिरा विणलेला धागा वाटते: हे लोकच कारस्थानी आहेत, तेव्हा माझ्यावर बालंट कोणी आणले असेल ते वाचकांनीच ओळखावे. लेखक निवाडा हरलेला आहे हे लक्षात ठेवून ते पुस्तक वाचावे.

आणि मंडईपाशी उभे राहून सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. आज त्या इमारतीला ज्यांचे नाव आहे त्या जोतिराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला, म्हणजे क्रॉफर्ड निलंबित होण्याच्या पाच वर्षे आधी. ऐषआरामात गुंग असलेला गोरा अधिकारी, त्याच्या नावावर कारभार हाकणारे कचेरीतले ब्राह्मण कामगार, आणि दोघांच्या ओझ्याखाली पिचलेला शेतकरी, हे चित्र त्यांनी तिथे रेखाटले आहे. गंमत अशी की या चित्रातला अर्धा भाग क्रॉफर्डच्या वकिलांना आयता उपयोगी पडला असता: कारभार हाताखालच्यांनी केला, साहेबाचे लक्ष नव्हते. उरलेला अर्धा मात्र त्यांनी झाकून ठेवला असता, कारण फुल्यांच्या लेखी साहेबाचे लक्ष नसणे हाच साहेबाचा अपराध होता. ‘तालुका कचेरी’ यांनी रागावू नये, पण मामलेदाराने बढतीसाठी दिलेली रक्कम शेवटी कोणाच्या पडवीतून वसूल झाली असेल, हे ना आयोगापुढे कोणी विचारले, ना पुण्याच्या सभेत.

तालुका कचेरी

रागावलो नाही. त्यातल्या कितीएकांनी दागिने मोडून आणि कर्जे काढूनही रक्कम भरली असेल. पण कर्ज फेडायचे तर पैसे कुठून येतात, हे तालुक्याला ठाऊक असते. तेव्हा आपला मुद्दा खोडून काढता येत नाही.

मंडईचा वाटाड्या

सर्वांचा मी ऋणी आहे. पुढच्या रविवारसाठी मी असे ठरवले आहे की इमर्सन आणि किपलिंग यांची माहिती आधी उरकायची, मग गटाला रस्त्याच्या पलीकडे सावलीत नेऊन उभे करायचे आणि त्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मीच त्यांना विचारायचा. ‘लाचखाऊ’ हा शब्द मी वापरणार नाही, ‘निर्दोष’ हाही वापरणार नाही. लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत, बेकायदा कर्जांसाठी नोकरी गेली, आणि साक्ष देणाऱ्यांना वाचवायला कायदा करावा लागला, एवढे तिन्ही सांगून दारावरच्या आताच्या नावाकडे बोट दाखवीन. ‘असुडा’तला उतारा वाचून दाखवायचा झाल्यास कुठला घ्यावा, हे ‘जुने दफ्तर’ यांनी सवडीने कळवावे; पाच मिनिटांत वाचून होईल एवढाच हवा, कारण तोवर फळवाले गिऱ्हाइकांची वाट अडवली म्हणून ओरडायला लागतात.